देवाजीचा चौथा राजीनामा

भिलाईच्या त्या खाजगी कॉलेजात देवाजी मेश्रामला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याचा आवाज आणि दुसरी त्याचे राजीनामे.

आवाज असा, की टीसीच्या, म्हणजे दाखल्यांच्या, खिडकीत बसून त्याने एखाद्या पोराचं नाव पुकारलं तर ते पार सायकल स्टँडच्या पलीकडे चहाच्या टपरीवर ऐकू जाई. पोरं तोंडावर त्याला मेश्राम बाबू म्हणत आणि पाठीमागे भोंगा. स्टील प्लांटचा भोंगा आणि आपला भोंगा, दोन्ही वाजल्याशिवाय भिलाईत काम सुरू होत नाही, अशी त्यांची मस्करी चाले. देवाजीला हे ठाऊक होतं. रागावल्याचं तो नुसतं दाखवी, आतून त्याला बरंच वाटे.

राजीनामे मात्र तो मनापासून देई. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पहिला राजीनामा त्याने खुर्चीपायी दिला. नव्याने आलेल्या एका बाबूला फिरती खुर्ची मिळाली आणि याच्या वाट्याला तीच जुनी, एक पाय आखूड असलेली राहिली. दुसरा दिला चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाच्या वेळी. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणाऱ्यांच्या नावांत त्याचं नाव शेवटी घेतलं, तेही चुकीचं घेतलं. तिसरा, त्याची बदली होस्टेलवर केली तेव्हाचा. तिन्ही वेळा जुन्या प्रिन्सिपॉल साहेबांनी त्याला आत बोलावलं, चहा मागवला, कागद मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "इस्तीफ़े में भी मात्रा की ग़लती, मेश्राम?" मग कागदाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. खुर्ची मिळाली, हार मिळाला, होस्टेलची बदलीही टळली. देवाजी शीळ घालत रिसालीला घरी आला.

कॉलेजात त्या कागदाला इस्तीफ़ा म्हणत. रिसालीच्या घराचा उंबरा ओलांडला की त्याचाच राजीनामा होई. देवाजीचे वडील तुमसरकडून प्लांटमध्ये मजुरीला आले, इथेच राहिले. देवाजी हिंदी शाळेत शिकला, हिंदीत भांडला, हिंदीत नोकरीला लागला, पण घरात शिरताना चपलांबरोबर हिंदीही बाहेर काढून ठेवायची, हा वडिलांचा शिरस्ता त्याने मोडला नाही. बायको वच्छला होती तोवर ती या राजीनाम्यांना खळखळून हसायची. "भेटला का चहा?" एवढंच विचारायची. ती मूलबाळ न होता आजारपणात गेली, आणि तुमसरजवळच्या खेड्यातून त्याची थोरली विधवा बहीण भागीरथाबाई त्याला दोन घास शिजवून घालायला येऊन राहिली.

थोरलीला तो नुसतं बाई म्हणे. भागीरथाबाईला हसू कमीच येई. तिने भावाचे तिन्ही राजीनामे त्याच्याच तोंडून पुन्हा पुन्हा ऐकले आणि ते सगळे खरेच धरले. "माहा भाऊ कोनाले भेत नाई. राजीनामा खिशात घेऊन फिरते," असं ती गल्लीत सांगायची. शेजारची ममता, मूळची छत्तीसगढी, मान डोलवायची. दोघींची भाषा वेगळी, पण भाजी निवडताना तेवढी पुरत असे. एरवी हिंदी म्हटलं की भागीरथाबाई गांगरून जाई. समोरासमोर हातवाऱ्यांवर निभावून नेई, फोनवर मात्र हात टेकी.

मग कॉलेजात ते पोर्टल आलं.

कॉलेज ज्या संस्थेचं होतं तिची रायपुरला कचेरी होती आणि आणखीही कॉलेजं होती. सगळ्यांचा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं तिथे ठरलं. प्रवेश, फी, हजेरी, परीक्षा, टीसी, नोकरांच्या रजा, पगार, सगळं एका ठिकाणी. नाव मोठं इंग्रजी होतं, पण सगळे पोर्टलच म्हणत. कॉलेजच्या व्हरांड्यात खिडक्यांची एक रांग होती. पहिल्यांदा फीची खिडकी बंद झाली. तिच्यावर प्लायवूड ठोकला आणि प्लायवूडवर हसणाऱ्या मुलीचं फ्लेक्स लावलं. मग प्रवेशाची खिडकी गेली, मग परीक्षेची. खिडकीमागचा बाबू निवृत्त झाला किंवा कंटाळून निघून गेला, की रायपुरवाले त्याची जागाच काढून टाकत. माणूस जागेसकट जाई. नवीन कोणी येत नसे.

शेवटी देवाजीच्याही खिडकीवर प्लायवूड बसला. त्याला व्हरांड्यात एक टेबल दिलं, वर पाटी लावली, 'सहायता केंद्र'. पोरं येत, तो सांगे, "मोबाइल में देखो." दिवसभर तेवढंच काम. पुकारायला नाव उरलं नाही. नाव आता पोरांच्या खिशातच टुंग करून वाजे.

इथे खरं सांगायला हवं. देवाजीला ते शिकता आलं असतं. त्याच्या वयाच्या बाया शिकल्या. पोर्टलच्या कंपनीने कॉलेजात बसवलेला पोरगा, नरेश, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतला, मराठी घरचा, त्याला काका म्हणायचा आणि न कंटाळता दाखवायचा. "काका, इधर दबवा. हां. आता खाली या." त्यानेच देवाजीच्या मोबाइलवर ते अ‍ॅप टाकून दिलं. देवाजी त्यात आपली हजेरी तेवढी बघे आणि मोबाइल उलटा ठेवून देई. शिकलो तर आपण होतो ते काहीच नव्हतो असं होईल, अशी काहीतरी खोडी त्याच्या मनात बसली होती. हट्टी माणूस. या हट्टाचा मला आजही राग येतो.

परीक्षेच्या तोंडावर जामुलकडची एक मुलगी रडत टेबलापाशी आली. तिचं प्रवेशपत्र निघत नव्हतं. भोवती पोरांची गर्दी होती. देवाजीला जुना कैफ चढला. "रो मत. मैं अभी निकलवाता हूँ," असं भोंग्याच्या आवाजात म्हणून तो तिला घेऊन नरेशच्या टेबलाकडे निघाला. मागून वीसेक पोरं.

"नरेश, हिचं काढून दे. माह्या लॉगिननं काढ."

नरेश खालच्या आवाजात बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं. "काका, पोरांच्या कामाचं तुमचं लॉगिन बंद झालं ना. रायपुरवरून. आता तुमाले फक्त दिसते, करता नाई येत. आप सिर्फ़ देख सकते हैं."

शेवटचं वाक्य तो हिंदीत बोलला आणि तिथेच घात झाला. पोरांना ते समजलं. कोणीतरी मागून म्हणालं, "भोंगा म्यूट हो गया." हशा पिकला आणि देवाजीने फाडकन नरेशच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून खाली पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली गेला. त्या मुलीसाठी वगैरे ही थप्पड नव्हती. स्वतःच्या अपमानासाठी होती. मुलीचं प्रवेशपत्र संध्याकाळी आपोआप निघालं आणि तिला कुणी पुन्हा विचारलंही नाही.

नरेश एकटा असता तर विसरून गेला असता. पण कंपनीच्या माणसांनी त्याला पोलीस थान्यात नेलं आणि रिपोर्ट लिहायला लावली. नव्या प्रिन्सिपॉल रीना मॅडमनी देवाजीला सांगितलं, "मेश्राम जी, मैं देखती हूँ. तब तक आप घर पर रहिए."

देवाजी घरी बसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो भांडकुदळ होता, मूर्ख नव्हता. पंचावन्न कधीच उलटलेलं. ही नोकरी गेली तर या वयात त्याला कोण उभं करणार होतं? पेन्शन नाही, जमीन नाही. बाईला परत खेड्यात कोणाच्या दारात सोडायचं? आणि रायपुरवाले त्याची जागा मोकळी व्हायची वाटच बघत होते. एकदा तो उठला की तिच्यावर दुसरा कुणी बसणार नव्हता, जागाच राहणार नव्हती. हे सगळं तो रात्री कूस बदलत घोळवी आणि सकाळी बाईसमोर छाती काढून चहा पिई. "माहं का वाकडं करतीन थे," म्हणे. बाई म्हणे, "हाव गा."

चारेक दिवस असे गेले. एका संध्याकाळी बाईच्या चष्म्याची दांडी बसवून आणायला तो सिविक सेंटरला गेला. मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता. परत आला तर बाई दारातच उभी.

"देवा, तुह्या मॅडमचा फोन आल्ता."

"मंग? का म्हने?"

"लई भरभर बोलत होती गा. हिंदीत. तेवढ्यात कुकर वाजला. सबन काही उमजलं नाई मले. पन राजीनामा म्हने. सकाळी. दोनदा म्हनली, राजीनामा. मंग सबन मिटून जाईन म्हने."

देवाजीने चष्मा तिच्या हातात दिला आणि खाटेवर बसला.

"राजीनामा?"

"हाव. तेवढं त समजलं मले. का करतं मंग?"

"मले सोता सांगाले तोंड नवतं का तिले? तुह्याजवळ निरोप ठेवते?"

"मी म्हनलं, थांबा, येते म्हनलं. तिनं ठेवून देल्ला."

त्याने मॅडमला फोन लावायला हवा होता. मोबाइल हातातच होता. पण देवाजीचं डोकं फिरलं की ते एकाच दिशेने चाले. इतक्या वर्षांची चाकरी आणि राजीनामा मागायचा तो बहिणीकडे निरोप ठेवून! आणि त्या संतापाच्या तळाशी एक लबाड आशाही होती, हेही लपवून उपयोग नाही. आतापर्यंत तीन दिले. तीन वेळा चहा मिळाला. त्यांनी सकाळी मागायच्या आधी आपणच फेकून दिला तर मॅडमही नरमतील, आत बोलावतील, फाडून टाकतील. राजीनामा हा त्याच्या लेखी रुसव्याचाच एक प्रकार होता. रुसणाऱ्याला समजवायला येतात, हेच त्याला माहीत होतं.

"सकाळपर्यंत कोन थांबते? आत्ताच देतो," तो म्हणाला.

"हाव," बाई म्हणाली. "तीनदा देल्ला. तुले कोनाचं भेव?"

कागद शोधायला उठला आणि थबकला. कागद आता कोणी घेत नव्हतं. रजेचा अर्जसुद्धा पोर्टलवरच. त्याने मोबाइल उघडला, अ‍ॅप उघडलं. नरेश शिकवायचा तसं खाली खाली गेला आणि अगदी तळाशी त्याला शब्द सापडला, 'त्यागपत्र'. मग कारण विचारलं. खाली यादी होती. उच्च शिक्षा. विवाह. बेहतर अवसर. अन्य. विवाहावर त्याची नजर क्षणभर अडखळली, एवढ्या रागातही त्याला हसू आलं. त्याने अन्य दाबलं. क्या आप निश्चित हैं? त्याने हां दाबलं. ओटीपीचा नंबर आला, तो त्याने न चुकता घातला. हिरवी खूण उमटली आणि पोर्टलने त्याचे आभार मानले.

त्या पोर्टलवर कुणाच्याही मदतीशिवाय देवाजीने केलेलं हे पहिलं काम. ते एका दमात जमलं म्हणून त्याला बरंसुद्धा वाटलं. "मात्रेची गलती नाई झाली या खेपेला," तो बाईला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला. मॅडमचं नाव होतं. देवाजी खाटेवर टेकून बसला होता. त्याने मोबाइलकडे बघितलं आणि चहाचा घोट घेतला.

"उचल ना गा," बाई म्हणाली.

"वाजू दे."

पुन्हा वाजला. "आता समजू दे तिले," देवाजी म्हणाला. तिसऱ्यांदा एका अनोळखी नंबरवरून वाजला, चौथ्यांदा परत मॅडमचा. त्याने एकही उचलला नाही. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा थोडा थोडा उजळत गेला. समजवायला येत आहेत, असं त्याला वाटत होतं. दुपारनंतर फोन वाजायचे बंद झाले. संध्याकाळी त्याने दोनदा मोबाइल हातात घेऊन बघितला, चालू आहे ना म्हणून. पुढचा दिवसही तसाच मुक्याने गेला.

तिसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात गेला. फाटकावर चेहरा दाखवायचं यंत्र होतं. त्याने चेहरा दाखवला. लाल दिवा लागला. पुन्हा दाखवला, पुन्हा लाल. फाटकावरचा चंपत त्याचा जुना ओळखीचा, रोज तंबाखू मागणारा. तो यंत्राकडे बघत राहिला, देवाजीकडे बघेना. शेवटी बाजूचं छोटं दार उघडून म्हणाला, "आप इधर से आ जाओ, बाबू. विज़िटर में लिख देता हूँ."

रीना मॅडमच्या खोलीत चहा आला नाही. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं होतं.

"मेश्राम जी, ये आपने क्या किया? इस्तीफ़ा क्यों डाल दिया?"

"आपने ही तो माँगा, मैडम."

"मैंने?"

"राजीनामा माँगा न आपने. दीदी को बोला."

मॅडम हळूहळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "मैंने कहा था, सुबह थाने आकर राजीनामा कर लें. समझौता. नरेश को मैंने मना लिया था. वो बैठा रहा, मैं बैठी रही, थानेदार भी बैठे रहे. आप फ़ोन ही नहीं उठा रहे थे."

देवाजीला तो शब्द ठाऊक होता. तेच सर्वात वाईट. जन्मभर त्याने तो बाहेर हजारदा ऐकला होता. इकडे थान्यात, कोर्टात भांडण मिटवलं की राजीनामा झाला म्हणतात. दोन्ही बाजू राजी, म्हणून राजीनामा. हाच शब्द मॅडमनी त्याला समोर सांगितला असता तर तो धावत थान्यात गेला असता. पण तो घरात आला होता, बाईच्या तोंडून आला होता, आणि घरात त्या शब्दाचा अर्थ एकच होता. त्याने स्वतःच तीनदा शिकवलेला.

त्याने न विचारता खुर्ची ओढली. त्याचीच ती जुनी, एक पाय आखूड असलेली खुर्ची होती, आता भिंतीशी ठेवलेली.

"फाड़ दीजिए, मैडम," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"क्या फाड़ूँ? काग़ज़ ही कहाँ है?"

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याचं नाव करड्या रंगात होतं. आदल्या दिवशीच रायपुरहून मंजुरी पडली होती. मॅडमनी फोन केले होते, मेल पाठवले होते. तिकडचा माणूस म्हणाला, मंजूर झाल्यावर मागे घ्यायची सोय पोर्टलवर नाही. सोय नसते असं नाही. करायची नसते. मॅडमना ते कळत होतं आणि देवाजीलाही.

"पद ही हट गया, मेश्राम जी. आप लौटेंगे भी तो किस पर?"

देवाजी मेश्राम रडला. व्हरांड्यातून पोरं जात होती आणि दार अर्धवट उघडं होतं, तरी रडला. मॅडमनी उठून दार लावलं.

बाहेर नरेश उभा होता. नवा चष्मा होता त्याला, तो सारखा वर ढकलत होता. "काका, मी त तयारच होतो ना," तो म्हणाला. "म्या सही बी करून ठेवली होती. आप आए ही नहीं." देवाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच दुपारी दोघे नरेशच्या मोटरसायकलवर थान्यात गेले आणि देवाजीने तिथे सही केली. केस मिटली. असे त्याचे दोन्ही राजीनामे झाले, घरचा आधी आणि बाहेरचा नंतर. क्रम तेवढा उलटा पडला.

घरी येताना रिसालीच्या वळणावर तो बराच वेळ उभा राहिला. बाईला काय सांगायचं? ती तुमसरकडचं घरदार सोडून त्याच्यासाठी आली होती. वच्छला गेल्यावर तो जेवत नव्हता तेव्हा हिने त्याला लहान पोरासारखं समोर बसवून भरवलं होतं. तिने शब्द चुकीचा ऐकला नव्हता. अगदी बरोबर ऐकला होता. पण हे तिला समजावून सांगितलं तरी ती त्यातून काय उचलेल ते त्याला माहीत होतं. माझ्यापायी भावाची नोकरी गेली, एवढंच.

"का झालं गा?" तिने विचारलं.

"घेतला त्याईनं राजीनामा. पायजेच होता त्याईले."

"बरं झालं देल्ला," बाई म्हणाली. "मान खाली घालून राहाचं नाई." आणि तिने गल्लीतही तेच सांगितलं. त्याईनं मांगतला, अन् माह्या भावानं तोंडावर फेकला. देवाजी ते ऐके आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडे.

काम मिळता मिळता मिळालं ते सिविक सेंटरच्या बाजारात, मोटरसायकली लावायच्या जागेवर. चिठ्ठी फाडून द्यायची, परत घ्यायची. कधी कधी कॉलेजातली जुनी पोरं येत, आता नोकरीला लागलेली, बायकापोरांसह. ओळखत आणि नजर चुकवत. तोही चिठ्ठीवर खाली बघून नंबर लिही. उन्हात उभं राहून त्याचा घसा बसला तो बसलाच. त्याला आता गाडी काढणाऱ्याला हाक मारायची तर जवळ जावं लागे. बाईचं गुडघ्याचं औषध आधी रोजचं होतं, मग दिवसाआड झालं. ती म्हणे, दुखत नाही आता. वर्षभरात दोघंही सुकून गेली आणि दोघंही एकमेकांना बरं आहे म्हणत राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. देवाजीची त्या दिवशी सुट्टी होती. तो आतल्या खोलीत पडला होता. बाई दाराशी तांदूळ निवडत होती. ममता ताटलीत बेसनाची तळलेली ठेठरी घेऊन आली. खूश होती. तिच्या नवऱ्याचं आणि मागच्या घरवाल्यांचं नालीच्या पाण्यावरून डोकी फुटेपर्यंत भांडण झालं होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"राजीनामा होगे दीदी," ममता म्हणाली. "थाना म. आज बिहनिया, सुबे सुबे."

देवाजी आत ताडकन उठून बसला.

"अगं बाई," भागीरथाबाई म्हणाली. "तुह्या नवऱ्यानं देल्ला राजीनामा? काऊन वं? चांगली नौकरी होती ना त्याची?"

ममता हसायला लागली. "नौकरी के नहीं दीदी! झगरा के. झगरा खतम, दूनो झन दस्खत कर दीन. इही ल त राजीनामा कहिथें." आणि तिने दोन्ही हातांच्या बोटांची गाठ मारून दाखवली, मिटलं, जुळलं, असं.

बाईला हातवारे कळत. तिने ताटली घेतली, ठीक झालं म्हणाली, ममताला वाटेस लावलं. मग परत येऊन सूप पुढे ओढलं. आतून देवाजीला तिची पाठ दिसत होती. सुपातले तांदूळ हलत नव्हते. त्याने वाट बघितली. एवढ्या वर्षांत त्याने कुणाची इतकी घाबरून वाट बघितली नव्हती, ना प्रिन्सिपॉलची, ना थानेदाराची.

"देवा," ती वळून न बघता म्हणाली.

"काय बाई?"

"थ्या दिवशी तुही मॅडम राजीनामा दे म्हनली होती, का कर म्हनली होती?"

"दे म्हनली होती," देवाजी लगेच म्हणाला. "दे म्हनली होती, बाई. मले पक्कं माईत हाय."

भागीरथाबाईने सूप खाली ठेवलं आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"तुले कसं माईत गा?" ती म्हणाली. "फोन त म्या उचलला होता."